इच्छा वाळत घालणारे साडू

नांदेडच्या बाजारात एक रुपयाही खर्च न करता सगळ्यात जास्त चहा प्यालेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी बेधडक माझ्या मोठ्या साडूंकडं बोट दाखवीन. भांड्यांचं दुकान असो, चपलांचं असो, त्यांना बसायला खुर्ची मिळते. एकदा मिक्सरच्या दुकानात नव्या नोकरानं "काय दाखवू साहेब?" म्हणून विचारलं, तर गल्ल्यावरून मालक ओरडला, "अरे, ते गिऱ्हाईक न्हाई, घरचे हायेत. चहा सांग!" साडूभाऊ तिथल्या एका मिक्सरला दर रविवारी भेटायला जात होते. झाकण उघडून बघायचे, बटण फिरवायचे, पुसून जागच्या जागी ठेवायचे आणि घरी यायचे. होळीला सुरू झालेलं हे प्रकरण दिवाळीपर्यंत चाललं. शेवटी मिक्सर घेतला तेव्हा म्हणे मालकालाच भरून आलं.

ह्यामागं त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे. "पाव्हणं, इच्छा झाली की तिला उन्हात टाकायची," ते मला सांगतात. "वाळून गेली, तर ती आपली नव्हतीच. न्हाई वाळली, तर मग खिशात हात घालायचा." मी लातूरला शाळामास्तर. मला कार घ्यायची हुक्की आली तेव्हा सल्ला विचारायला ह्यांच्याकडं गेलो, ही माझी अक्कल. त्यांनी मला शोरूममध्ये नेलं, गाडीत बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि दुपारभर उठूच दिलं नाही. "बसा की. उद्या हिच्यातच बसायचं हाय ना?" विमा किती, टायर किती, उभी कुठं करणार, धुणार कोण, असं विचारून विचारून डोकं पिकवलं. संध्याकाळपर्यंत माझी कंबर धरली आणि इच्छा पार वाळून गेली. मी आजही एसटीनं फिरतो, आणि आमची ही आजही त्यांच्या नावानं बोटं मोडते.

पण हे गृहस्थ जन्मजात असे नव्हते हो! माझं लग्न झालं तेव्हा ह्यांच्याइतका उधळ्या माणूस उभ्या नांदेड जिल्ह्यात सापडला नसता. सरकारी कचेरीत कारकून. पगार एक तारखेला आत यायचा आणि पाच तारखेला हप्तेवाले घेऊन जायचे. टीव्ही हप्त्यावर, कूलर हप्त्यावर, सोफा हप्त्यावर, आणि व्यायामाची एक सायकल, तीही हप्त्यावर, जिच्यावर पहिल्या दिवसापासून टॉवेल वाळत. सगळ्यात लाडकी मोटारसायकल. तिच्यावर अक्कांना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, मागं बसवून ते मुदखेडला एका लग्नाला गेले. मांडवाच्या तोंडाशी दोन अनोळखी माणसं अवघडून उभी होती. साडूभाऊंना वाटलं, नवरदेवाकडचे. हाताला धरून पंगतीत बसवलं, "लाजू नका, लाजू नका" म्हणत स्वतः बुंदी वाढली. दोघं पोटभर जेवले, हात धुतले आणि हळूच म्हणाले, "साहेब, गाडीची चावी द्या. हप्ते थकलेत." खाल्ल्या अन्नाला जागून त्यांनी आवाज तेवढा चढवला नाही.

नवराबायको रेल्वेनं परत आले. दुसऱ्या दिवशी अक्कांनी माहेरच्या पाटल्या हातातून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. "ह्या मोडा अन् मोकळे व्हा." बस्स, वर एक शब्द नाही. साडूभाऊंनी सगळी देणी फेडली, आणि तेव्हापासून एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली: अक्कांच्या हातात पुन्हा पाटल्या घालायच्या.

पैसा कसा सांभाळायचा हे शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून ज्यांनी छळलं त्यांच्याकडूनच ते शिकले. हप्तेवाला दारात उभा राहिला की पैसे निघतात, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग दर पाच तारखेला हे चपला घालून बाहेर जाणार, दार ओढून घेणार आणि स्वतःच्याच दाराची कडी वाजवणार.

"कोण हाय?" आतून अक्का.

"हप्तेवाला."

"मालक घरी न्हाईत."

"मग मालकीणबाईंनी द्यावा!"

अक्का हसत हसत पगारातले पैसे काढून देत, आणि हप्तेवाला तडक पोस्टात जाऊन भरून येई. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी तर "काका, गरिबाला कशाला छळता? थोडी मुदत द्या की," म्हणून ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

पण सोनं कुठं थांबतंय! हे पोस्टात चार पावलं पुढं गेले की भाव दहा पावलं पुढं. मध्येच लेकीला लातूरला क्लासला ठेवलं, तेव्हा साठलेलं सगळं फीमध्ये गेलं. पुढच्या पाच तारखेला ह्यांनी पुन्हा पहिल्यापासून कडी वाजवली. लेक शिकली, नोकरीला लागली. अक्का म्हणायच्या, "राहू द्या आता, मला काचेच्या बऱ्या हायेत." ते ऐकतील तर शपथ! ही एकच इच्छा वर्षानुवर्षं उन्हात पडली होती आणि वाळायचं नाव घेत नव्हती.

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर त्यांचा फोन आला. "पाव्हणं, जोडीनं या. पाटल्या आणायच्यात." आम्ही दोघं गेलो. वजन, घट, घडणावळ, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. अक्कांच्या जुन्या पाटल्यांचं माप त्यांनी इतकी वर्षं डोक्यात जपलं होतं आणि त्याच मापाच्या पाटल्या आधी सांगून घडवून घेतल्या होत्या. सराफानं डबी उघडली. अक्कांनी हात पुढं केला. पाटली बोटांवरून सरकली आणि सांध्यांशी अडली. साबण लावला, तरी अडली. अक्का हसत होत्या, पण दुखून दुखून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सराफ म्हणाला, "वहिनी, बोटं लई सुजलीत की तुमची."

साडूभाऊंनी तो हात आपल्या हातात घेतला आणि चष्मा वर करून किती तरी वेळ बघितला.

"कधीपासून हाय हे?"

"झाली की दोन-तीन वरसं."

"अगं, मग सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही जमवून राहिले होते ना," अक्का म्हणाल्या. "दवाखाना लागला असता तर ते पैसे तिकडं गेले असते. पुन्हा पहिल्यापासून कडी वाजवत बसला असता."

माझ्या बायकोनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. साडूभाऊंनी सराफाला विचारलं, "फिरकीच्या हायेत का? उघडून घालायच्या?"

"हायेत. पण वजनाला जास्त जातील."

"द्या."

भाव विचारला नाही, घडणावळीवर घासाघीस नाही. पैसे कमी पडले तेव्हा माझ्याकडं वळून, मान खाली घालून म्हणाले, "पाव्हणं, हायेत का काही?" मी तिथंच फोनवरून सराफाला पैसे पाठवले. ह्या माणसाला उसने पैसे द्यायची वेळ माझ्यावर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

रिक्षावाल्याला त्यांनी घर सांगितलं नाही, हाडांच्या डॉक्टरचा दवाखाना सांगितला. "अहो, उद्या जाऊ की," अक्का म्हणत होत्या. नव्या पाटल्यांकडं साडूभाऊंनी एकदाही बघितलं नाही. आमच्या देखत अक्कांचा हात मांडीवर घेऊन ते रस्ताभर एकेक बोट हलक्या हातानं चोळत बसले होते.