मामांची सतरा पानं

कायदा शिकणारी हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात माझ्या उंद्रीच्या मामांइतका संताप आणणारा विद्यार्थी झाला नाही आणि होणारही नाही. एसटीत कंडक्टरकी करून रिटायर झाले आणि साठीला टेकल्यावर माझ्याच वर्गात एलएलबीला येऊन बसले. मला वाटलं, घरचं माणूस आहे, सोबत होईल. कसली सोबत! डोकं उठवलं त्या माणसानं.

पाठांतराची त्यांची पद्धतच जगावेगळी. प्रत्येक कलम ते गावातल्या एकेका माणसाला चिकटवत. दुधात पाणी घालणारा दूधवाला चारशे वीस. रस्त्यात ट्रॅक्टर आडवा लावून कोणाला जाऊ न देणारे शेजारी तीनशे एकेचाळीस. मी एकदा न विचारता त्यांची स्कूटर नेली, तर मी चोरीचं तीनशे एकोणऐंशी, आणि लग्नाच्या पंगतीत चारचौघांत त्याच नंबरानं हाक! त्यात जुनी दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली. सगळी कलमं बदलली. मी गुमान नवं पुस्तक उघडलं. मामा मात्र घरोघर फिरून ज्याला त्याला त्याचा नवा नंबर सांगत सुटले. दूधवाला खरोखर नाराज झाला. आपण नवीन काहीच केलं नाही, मग नंबर काऊन बदलला, असं विचारू लागला. त्याला तीनशे अठरा समजावण्यात मामांची आख्खी सकाळ गेली, आणि परीक्षा आठ दिवसांवर!

सगळं त्या एका पेपरवर अडलं होतं. बाकीचे विषय सुटलेले, फौजदारी कायद्याचा तेवढा राहिलेला. तो सुटला की सनदेची वाट मोकळी. काळा कोट तर त्यांनी चिखलीत आधीच शिवून ठेवला होता. प्रश्न पाच आहेत, घड्याळ बघून लिहा, असं मी रोज बजावत होते. पेपरात नेमकं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम एकशे त्र्याहत्तर आलं. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, ठाण्यानं तक्रार नोंदवून घ्यायचीच, असं ते कलम सांगतं. हे त्यांचं तोंडपाठ. म्हटलं, सुटले मामा. निकाल लागला तर नापास! मी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. एकाच प्रश्नाला सतरा पानं, बाकीचे चार कोरे. मी इतकी भडकले की नात्याचा मुलाहिजा न ठेवता त्यांना वाट्टेल ते बोलले. मग मी वाचायला घेतलं.

पहिल्या पानावर कलम होतं, अगदी बरोबर. दुसऱ्या पानापासून मामी होती. मी शाळेत असताना एका बसस्टँडवरच्या गर्दीत तिची पोत चोरीला गेली होती, आणि हद्द आमची नाही म्हणत दोन ठाण्यांनी तिला दिवसभर इकडून तिकडे फिरवलं होतं. मामी जाऊनही आता चार वर्षं झाली. त्या सतरा पानांत सगळं होतं, बस किती वाजता लागली ते, पोतीतले मणी, तिच्या लुगड्याचा रंग.

"मामा, बाकीचे प्रश्न येत नव्हते का?"

"येत होते न. पण तुही मामी दिवसभर उभी होती, पोरी. तिचं कोणीच लिहून नाही घेतलं. मले कागद भेटला, म्या लिहून घेतलं."

आता ते पुन्हा बसणार आहेत. कोट कपाटातच आहे. परवा एका पंगतीत त्यांनी मला माझ्या नव्या नंबरानं हाक मारली. मी ओ दिली.