नलूताईंचा उन्हाळी पेला

गेल्या महिन्यात सकाळी धुणं वाळत घालत होते, तेव्हा नागपूरच्या दवाखान्यातून मृणालचा फोन आला. “मावशी, आई गेली,” एवढंच म्हणाली. नलूताईंची ही एकुलती एक मुलगी फ्रान्समध्ये असते. आजारपणाचं कळल्यावर आठच दिवसांपूर्वी आली होती. बादलीतले कपडे तसेच राहिले...

आर्णीच्या शाळेत नलूताईंनी आणि मी सव्वीस वर्षं एकत्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर मी घरात रमले. त्या मात्र जवळच्या तांड्यावरच्या बायकांबरोबर हातभट्टी बंद पाडायच्या मागे लागल्या. बायकांचं मंडळ काढलं, अध्यक्ष त्याच. नाल्याकाठी पुरलेली मडकी शोधून फोडायची, ठाण्यात जाऊन बसायचं. सगळ्यांत पुढे त्या आणि तांड्यावरची शेवंता. शेवंताचा नवरा दारूनेच गेला होता.

अशा बाईंना मृणालने तीन वर्षांपूर्वी फ्रान्सहून एक बाटली आणली. वाइनमध्ये संत्र्याच्या साली मुरवून केलेलं, फिकट सोनेरी, किंचित कडवट असं काहीतरी. तिकडे उन्हाळ्यात जेवणाआधी घेतात म्हणे. मृणालने उंच पेल्यात बर्फ टाकला, बोटभर ते ओतलं, वर सोडा, काकडीची चकती आणि पुदिना. नलूताईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, “संत्र्याच्या बागेत ऊन उतरल्यावर असा वास येतो.” मीही चाखलं. मला कडूच लागलं.

त्यानंतर एप्रिल-मेमध्ये ऊन कललं, अंगणात पाणी शिंपडून झालं, की त्या आठवड्यातून एखादा पेला घेत. एकच. मी फाटक लावायला उठले की म्हणत, “राहू दे, सुमन. चोरून प्यायची असती तर घेतलीच नसती.”

एका संध्याकाळी शेवंता अचानक आली. पेल्याकडे बघत म्हणाली, “बाई, काय पिऊन राह्यल्या?”

पुदिना होता, काकडी होती. सरबत म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं...

“दारू आहे, शेवंता,” नलूताई म्हणाल्या. “फ्रान्सची आहे, हलकी आहे, पण दारूच.”

शेवंता उभ्या उभ्याच परत गेली. पुढच्या बैठकीला तांड्यावरची एकही बाई आली नाही. दोन दिवस नलूताई नीट जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भर उन्हात माझ्या स्कूटरवर बसून तांड्यावर गेल्या. बायका लिंबाखाली जमल्या, पण बसा असं कोणी म्हटलं नाही.

शेवंता म्हणाली, “तुमाले एक पेला पुरते, बाई. माह्या घरच्याले कधी पुरला नाही. मंग आम्ही मडके कायले फोडले?”

“तुझं बरोबर आहे,” नलूताई म्हणाल्या. “मला थांबता येतं, यात माझं काही कर्तृत्व नाही. नशीब आहे. पण मी सोडते असं म्हणून उद्या पुन्हा घेतली तर ते आणखी वाईट. म्हणून मंडळाची अध्यक्ष आता तू हो. मी मागे बसते.”

आणि खरंच मागे बसल्या. शेवंता बोलायची, नलूताई अर्ज लिहून द्यायच्या. उन्हाळ्यातला तो पेलाही चालू राहिला. आजारपणात डॉक्टरांनी मनाई केली, तेव्हा एका शब्दाने वाद न घालता त्यांनी तो सोडला. शेवंता मात्र त्यांच्या घरी पुन्हा आली नाही. याचं त्यांना वाईट वाटायचं. “तिचा राग खरा आहे,” असं म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

मृणाल फ्रान्सला परत गेली. नलूताईंच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. परवा दिवस कलताना तिथल्या झाडांना पाणी घालत होते, तर शेवंता आली. पायरीवर बसली. मी पाणी घालत राहिले.

मग ती म्हणाली, “बाई त्या दिवशी खोटं बोलल्या असत्या तं मले समजलंबी नसतं. मी रोज येत राह्यली असती.” पदराने तोंड पुसलं. “लय दिवस वाटे, बाईनं खोटंच बोलाचं होतं.”

मी पाइप खाली ठेवला. त्या दिवशी मी ‘सरबत’ म्हणणार होते, हे तिला सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, नलूताईंनाही नाही.

शेवंताने ऐकून घेतलं. उठताना म्हणाली, “उद्या चार वाजता बैठक हाय. अर्ज लिहाले कोणी नाही. तुमी या.”