कोकराच्या भावात घोडा

चक्रीबाईंना पाथरवट नीट ओळखत होता असं म्हणणं जरा धाडसाचंच होईल. त्यांनी लग्न का केलं नाही, घरी एकट्या असताना त्या काय करत, कशाला घाबरत, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की बागेतलं लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड, ज्याला सगळे चक्री म्हणत, ते मोडीत निघेपर्यंत त्यांनीच चालवलं, आणि आपल्या थडग्यावर कसला दगड हवा हे त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. पण थडग्यांचे दगड घडवणाऱ्याला बहुतेक गिऱ्हाइकांची याहूनही कमी माहिती असते. ती गिऱ्हाइकं स्वतः येऊन काही सांगत नाहीत.

चक्रीबाई स्वतः आल्या. भाच्याला पुढे घालून दुकानात शिरल्या आणि अर्धवट घडवलेल्या एका शिळेवर बसल्या.

“ती दुसऱ्यांची आहे,” टाकीला धार लावता लावता पाथरवट पुटपुटला.

“त्यांना घाई आहे का?”

पाथरवट टाकी घासत राहिला. मुळात त्याला बोलणं चटकन सुचत नसेच. लोकांशी बोलायला नको म्हणून तर त्याने वडिलांचा हा धंदा आनंदाने उचलला होता.

“आत्याला दगड ठरवायचाय. स्वतःचा,” भाचा कसंनुसं हसला. “मी म्हटलं, एवढ्यात कशाला.”

“मी गेल्यावर हा तो तुटका खांब आणणार. कारागीर, तुटक्या खांबाचा अर्थ काय हो?”

“आयुष्य अर्ध्यातच मोडलं.”

“ऐकलंस? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अर्ध्यात. म्हणजे अजून तेवढीच वर्षं जगणार होते मी. झेपलं असतं तुला?”

भिंतीला नमुने टेकवून ठेवले होते. बाई काठीने एकेकाला टोचत पुढे सरकू लागल्या. वस्त्राने झाकलेला कलश म्हणजे शोक, असं पाथरवटाने सांगितलं. “मला वाटलं दुधावर फडकं टाकलंय,” बाई म्हणाल्या. वर बोट दाखवणारा हात म्हणजे आत्मा वर गेला. “खात्री कोण देणार? तुम्ही?” हातात हात म्हणजे नवरा-बायकोची ताटातूट. “पुढे चला.” जहाजाचा नांगर म्हणजे आशा. “नको. मला नाव बघूनसुद्धा गरगरतं.”

“सगळा जन्म चक्रीवर काढलास आणि नावेने गरगरतं?” भाचा म्हणाला.

“फिरायचे ते घोडे. मी मधे उभी असायचे.”

शेवटी त्यांनी हवं ते सांगितलं. चक्रीवरचा घोडा. पुढचा पाय उचललेला, पाठीतून दांडा गेलेला.

पाथरवटाने मान खाली घालून अडचणी सांगितल्या. भाव खोदाईवर ठरतो. घोड्याचा नमुना नाही, म्हणजे नवीन चित्र, खोल खोदाई, सरळ देवदूताचा भाव. देवदूत सगळ्यात महाग, पंखांमुळे. सगळ्यात स्वस्त कोकरू. ते लहान मुलांच्या दगडावर असतं, आणि तिथे जास्त पैसे मागायला त्याच्या आजोबांचीही जीभ कधी रेटली नव्हती. शिवाय परवानगीचा प्रश्न होताच. एका मुलाने बापाच्या दगडावर स्कूटर कोरून मागितली, तेव्हापासून चर्चच्या समितीने नियम केला होता: आवारातल्या जुन्या दगडांवर जे आहे तेच नव्या दगडावर येईल.

“मग जुन्यांत घोडा शोधू,” बाई उठल्या.

“चक्रीच्या घोड्यांचं काय झालं?” पाथरवटाने विचारलं. का विचारलं ते त्यालाही कळलं नाही.

“लाकूडवाल्याने नेले. सरपण. पांढऱ्याचा एक कान मागितला होता मी, तोही नाही दिला.” त्यांनी पदर झटकला. सगळीकडे दगडाची भुकटी. “एक तरी कुठे उभा राहू दे की हो.”

दुसऱ्या दिवशी बाई आणि पाथरवट चर्चमागच्या जुन्या आवारात फिरत होते. गुडघाभर गवत, वाकडे झालेले दगड, अर्धे शेवाळलेले. कबुतरं निघाली, मिटलेली पुस्तकं निघाली, एका कॅप्टनच्या दगडावर तलवार निघाली.

“याच्याकडे घोडा असणार,” बाई आशेने म्हणाल्या.

“पायदळातला होता.”

“कंजूष मेला.”

आणि मग कोपऱ्यातल्या कौलारू छपराच्या आकाराच्या एका दगडासमोर बाई थांबल्या, आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांना बसावं लागलं. पाथरवट घाबरला. त्याला वाटलं, दगड व्हायच्या आतच काहीतरी होतंय. बाईंनी नुसती काठी रोखली.

दगडावर कोकरू होतं. ध्वज धरलेलं कोकरू, ख्रिस्ताचं जुनं चिन्ह, एक पाय दुमडून ध्वजाची काठी सावरणारं. पण ध्वज पाऊसवाऱ्याने झिजून गेला होता आणि काठी तेवढी पाठीवर सरळ उभी राहिली होती. अंगावरची लोकर गुळगुळीत झाली होती. दगडाच्या कंगोऱ्याखाली मान आडोशाला होती, तिथेच काय ती लोकर उरली होती, लांब लांब ओळींची.

“आयाळसुद्धा आहे,” बाई डोळे पुसत म्हणाल्या.

पाथरवटाला हसू आवरेना. थडग्यांमध्ये हसायचं नाही हे त्याला लहानपणापासून बजावलेलं, त्यामुळे ते नाकातून, खांद्यांतून, कुठूनही बाहेर पडू लागलं. पलीकडे फुलं ठेवायला आलेल्या एका बाईंनी दोघांकडे अशा नजरेने पाहिलं की ती दोघं शाळेतल्या पोरांसारखी दगडाआड दडली.

रविवारी फादर आणि समितीचे दोघं बघायला आले. फादरांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं.

“बाई म्हणतात इथे जनावर आहे. कसलं आहे हे?”

सगळ्यांनी पाथरवटाकडे पाहिलं. बाईंनी तोंडात रुमालाचा बोळा कोंबला होता आणि त्या आकाशाकडे बघत होत्या. घोडा म्हणावं तर धादांत खोटं. कोकरू म्हणावं तर त्यांचा घोडा गेला.

“कोकरू आहे, फादर,” तो म्हणाला. “ध्वज झिजला. काठी राहिली.” घसा साफ करून त्याने आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं: “मी असंच करीन. जसं आहे तसंच. नवं काही घालणार नाही.”

“असंच ना? मग हरकत कसली,” फादर म्हणाले. समितीच्या दोघांनी माना डोलावल्या. बाईंच्या खांद्यांना बारीक झटके बसत होते. फादरांना वाटलं, त्या गहिवरल्या.

पाथरवटाने शब्द पाळला. कागद लावून छाप घेतला आणि झिजलेला कान झिजलेलाच, गेलेला ध्वज गेलेलाच ठेवला. भाव कोकराचाच लावला, कारण काम कोकराचं होतं. दगड उभा केला त्या दिवशी भाचा बराच वेळ डोकं खाजवत उभा होता.

“आत्या, हा घोडा आहे.”

“गप रे. तुला चर्चमधलं काय कळतं.”

फादर एकदा डावीकडून बघून आले, एकदा उजवीकडून. “कोकरू जरा खुशीत दिसतंय,” ते सावकाश म्हणाले.

“देवाच्या घरी ते नाखूश कशाला असेल, फादर?”

फादरांनी खिशातला चष्मा काही बाहेर काढला नाही.

त्यानंतर पाथरवटाला बाई फारशा भेटल्या नाहीत. कधी लांबून काठी उंचावत, तो मान हलवी, तेवढंच. शेवटच्या भेटल्या त्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, एका दुपारी. पुढच्याच आठवड्यात त्या झोपेत गेल्या, आणि दगडावर तारखेसाठी मोकळी सोडलेली जागा त्याला भरावी लागली. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक होतं. त्यांच्या हातात खोकल्याची बाटली होती आणि त्याला जेवायला घरी जायचं होतं.

“काय हो कारागीर, लोक काय म्हणतात?”

“कोकरूच म्हणतात बहुतेक. पोस्टमन कुत्रा म्हणाला.”

“त्याला कुत्राच दिसणार बिचाऱ्याला.” हसता हसता त्या खोकल्या. “जेवलात का?”

“निघालोय आता.”

“मग जा. गार होईल.”