आडवी हातोडी

कोटामास्तर हे नाव मीच ठेवलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला, दुसरं काय! आमच्या लोहारखात्यात लोहाराची एकच जागा निघाली, ती राखीव निघाली आणि हा आला. लेखी परीक्षेत त्याला माझ्या मेव्हण्यापेक्षा चार मार्क कमी. मेव्हणा त्याच ऐरणीवर नऊ वर्षं घण मारत होता, जागा आपलीच म्हणून घरी सांगूनही बसला होता. आता ह्याच्या हाताखाली घण मारायचा म्हटल्यावर तळपायाची आग मस्तकात जाणारच की!

गडी मुकाट सोसणारा असता तर चिडवून चिडवून आम्हीच दमलो असतो. पण हा कसला सोसतोय! पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याच्या बुटात तापलेल्या लोखंडाचा चुरा टाकला. पाय भाजला. त्याने आधी कोण हसतंय ते बघितलं, मग त्या हसणाऱ्याचा दात पाडला. मी भट्टीवरून हाक मारली, "या, कोटामास्तर!" तर माझी गचांडी धरून मला भिंतीवर आपटलं.

"माझा बाप ह्याच भट्टीची राख उपसून मेला. तीस वर्षं! ऐरणीला हात लावू दिला नाही त्याला. तेव्हा कुणाचे मार्क मोजले होते रे?"

मी त्याच्या नडगीवर लाथ घातली.

खोटं कशाला बोलू, कामात तो बाप होता. आम्ही क्रेनचे मोठे आकडे घडवायचो. त्याच्या हातचा एकही आकडा तपासणीतून परत आला नाही. मेव्हण्याचं मनगट दणकट, पण तापल्या लोखंडाचा रंग त्याला कधी ओळखता आला नाही. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणायचा, "काम येतं त्याला, मान्य. पण नियम सगळ्यांना एकच हवा की नको, दाजी?" मला ते पटायचं. अजूनही अर्धं पटतं.

ऐरणीवर बोलायला वेळ नसतो, आवाजात ऐकूही येत नाही. लोहार लहान हातोडीने टकटक करून जागा दाखवतो, तिथेच घण पडायचा. त्याने हातोडी ऐरणीवर आडवी टाकली की घणवाल्याने थांबायचं. घण हवेत असला तरी बाजूला सोडायचा, कारण आता लोहार सांडशीची पकड बदलायला हात आत घालणार. एकदा हातोडी आडवी झाली की पुढे सख्खा वैरी असला तरी घण पडत नाही.

त्या सकाळी अवजारांच्या फळीपाशी दोघं भिडले. मेव्हण्याने त्याचा बाप काढला. ह्याने सांडशीचा दांडा त्याच्या कानशिलात हाणला, मेव्हण्याने गुडघा पोटात घातला. मुकादमाने दोघांना शिव्या घालून तसंच कामाला जुंपलं. मेव्हण्याच्या कानातून रक्त येत होतं. मी आकडा तापवून ऐरणीवर दिला. टकटक, घण. टकटक, घण. मग हातोडी आडवी झाली. लोहाराने डावा हात आत घातला.

घण पडला.

हाड ठेचल्याचा आवाज लोखंडासारखा येत नाही. तो हाताकडे बघत राहिला आणि बघता बघता खाली कोसळला. कातडं जळल्याचा वास सुटला, मी पाण्याची बादली त्याच्यावर ओतली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, मला दिसली नाही हो हातोडी." मला दिसली होती. मेव्हण्याचे डोळे तिच्यावरच होते, तेही मला दिसलं होतं.

चौकशी बसली. ऐरणीपाशी तिसरा माणूस मीच, त्यामुळे सगळं माझ्या तोंडावर. हातोडी आडवी होती म्हटलं तर मेव्हणा तुरुंगात. नव्हती म्हटलं तर चूक लोहाराची आणि त्याची नोकरी गेली. बायको म्हणाली, "अहो, माझ्या आईला एकच मुलगा आहे. तुम्ही बोललात तर मी ह्या घरात नाही."

साहेबांनी विचारलं, "हातोडी खाली ठेवली होती का?"

लोहार समोरच बसला होता. मनगटापाशी नुसतं बँडेज उरलेलं.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "त्याच्या हातातच होती."

टेबल उलथून तो माझ्यावर आला. उरलेल्या एका हाताने माझा गळा असा आवळला की तिघांना सोडवता येईना. डोळ्यांपुढे काळोख आला. मेलो असतो तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. नालायक म्हणून त्याला काढलं, वर मारहाणीचा शेरा. लिहून घेणारा कारकून कागद गोळा करता करता पुटपुटला, "म्हणून मार्क बघायचे असतात." आता सगळ्या कारखान्यात हेच सांगतात. बघा, कोट्यातला लोहार, साधी खूण करता आली नाही त्याला! हे त्यांना मी पुरवलं.

मेव्हण्याला ती जागा मिळाली. घणावर नवा माणूस आला. मेव्हणा टकटक करतो, मग हातोडी आडवी टाकतो आणि थांबतो. हात आत जात नाही. घणवाल्याकडे बघतो, घाम पुसतो. तोवर आकडा ऐरणीवर काळा पडतो.

"घाल ना हात," मी भट्टीवरून ओरडतो. "घाबरतोस कशाला? मी आहे ना बघायला!"

तो माझ्याकडे बघतो आणि हात खिशात घालतो.