संघप्रियाचं फिटिंग बोटानं बसतं

घुग्घुसच्या कोळसा रस्त्यावर होज पाइपची दुकानं पाच-सहा असतील. पण पाइपच्या टोकाला धातूचं फिटिंग दाबून बसवायच्या प्रेसवर बाई उभी असते असं दुकान एकच. संघप्रियाचं. तिनं आयटीआय केलं नाही, कुणी हाताला धरून शिकवलं नाही. बारा वर्षांपूर्वी इथंच झाडझूड करायला लागली, मालकाच्या पाठीमागे उभी राहून पाहत गेली, आणि म्हातारा मालक गावी निघून गेला तेव्हा प्रेस तिनंच घेतली. आता डंपरचे ड्रायव्हर फुटका पाइप खांद्यावर टाकून येतात आणि लांबूनच ओरडतात, "ताई, करून दे ना वो लवकर!" नवखा कुणी "मालक कुठी हाये?" म्हणून विचारतो. त्याला ती दहा मिनिटं उन्हात उभा ठेवते. ठेवायलाच पाहिजे.

त्या शनिवारी सकाळी सिंदेवाहीहून रंजीता आली. गाडी जुनी, पण ऑटोमॅटिक गिअरची. तिथल्या बायकांच्या तांदूळ संघाची. रंजीताचा डावा पाय पोलिओचा. क्लचची गाडी तिला जमत नाही, ही जमते. एका उजव्या पायावर तिनं दोन वर्षं तांदळाची पोती चंद्रपूर-गडचिरोलीला पोचवली होती. आज मात्र वाटेत चारदा थांबून गिअरबॉक्समध्ये तेल ओतत ती कशीबशी पोचली.

"गावच्या मेकॅनिकनं तीनदा रबरी नळी जोडली ताई, तीनदा उडाली," ती म्हणाली. "कंपनीचा पाइप याले महिना लागते म्हणते. उद्या संघाची मीटिंग हाये. गाडी अशीच राह्यली तं इकून टाकतीन अन् क्लचवाली घेतीन."

"मंग तू काय करशीन?"

"मी पोते शिवन."

संघप्रियाचं डोकं तिथंच तापलं. "पोते शिवन म्हणे! लाव गाडी खड्ड्यावर."

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लई तापतो. त्याचं लाल तेल एका नळीनं पुढच्या जाळीत जातं, थंड होतं, दुसऱ्या नळीनं परत येतं. यातल्या पहिल्या नळीचं गिअरबॉक्सकडचं फिटिंग मेकॅनिकनं काढून हरवलं होतं. घुग्घुसात रीत अशी, की गिऱ्हाइकानं जुना तुकडा नमुना म्हणून आणायचा. इथं नमुनाच नाही. संघप्रियानं गाडीखालच्या खड्ड्यात उतरून टॉर्च मारला, नजरेनंच अंदाज केला आणि वर हात केला. "पाव इंची दे."

देणारा होता लटारूभाऊ. डंपरच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला फिटर. रोज चहाला येतो आणि कुणी न विचारता सल्ला देतो. फिटिंग दोन आटे सहज फिरलं, तिसऱ्याला अडलं.

"सरक," म्हणत लटारूभाऊ पाना घेऊन खाली उतरला. "दोन बसले ना? तिसरा पान्यानं बसन. चाळीस वर्षं डंपर कसले मी. घट्ट बसलं म्हणजे बरोबर बसलं."

त्यानं पाना लावला आणि संघप्रियानं त्याचं मनगट धरलं. "डंपर लोखंडाचा हाये, भाऊ. हे अ‍ॅल्युमिनियम हाये. आटे खाल्ले तं अख्खा गिअरबॉक्स जाईन. हिची गाडी तिथीच संपली!"

"मंग नजर कुठी गेली तुही? पाव इंची तूच म्हनली."

वर रंजीताचा चेहरा उतरला होता. संघप्रियानं पुन्हा टॉर्च मारला. मग तिचं लक्ष शेजारच्या नळीवर गेलं. ती अजून कंपनीचीच होती! तिनं ते फिटिंग सोडवलं, वर उजेडात आणलं, आणि आटे मोजायचं कंगव्यासारखं गेज त्याच्यावर धरलं. इंचवाल्या दातांमधून उजेड दिसला. मिलिमीटरवाले दात गपकन बसले. मग जाडी मोजली. चौदा एमेम.

"चुकली मी, भाऊ."

"काय म्हनली? मोठ्यानं म्हन, डंपर जाऊन राह्यला."

"चुकली म्हनलं! अन् तू पाना मारला असता तं तूही चुकला असता!"

लटारूभाऊ इतका खुश झाला, की पोकलेनच्या सुट्या तुकड्यांचा आपला बिस्किटाचा डबा आणायला सायकलनं घरी गेला. डब्यात चौदा एमेमचे दोन तुकडे निघाले. एकाचं भोक बारीक.

"यातून तेल कमी जाईन, गिअरबॉक्स उकळन," म्हणत संघप्रियानं तो परत टाकला. दुसऱ्याचं भोक तिनं शेजारच्या नळीच्या फिटिंगशी ताडून पाहिलं. बरोबर. मग पाइप निवडला: गरम तेलाचा, डिझेलचा नाही. डिझेलची नळी या तेलानं फुगते. गावात तेच झालं होतं. पाइपचं टोक वाकडं घेतलं, कारण सरळ टोक घेतलं असतं तर पाइप सायलेन्सरला टेकून जळला असता. प्रेसवर दोन्ही टोकं दाबली. गळू नये म्हणून तांब्याचं नवं वायसर काढलं.

लटारूभाऊनं आट्यांवर गुंडाळायला पांढरी टेप पुढं केली.

"ते नळाले लाव घरी. तुकडा सुटला तं गिअरबॉक्सच्या पोटात जाते."

"तुले चांगलं सांगाची सोयच नाई, बाई."

"रंजीता, उतर खाली," संघप्रिया म्हणाली. "गाडी तुही. तूच लाव."

रंजीता कठड्याला धरत उतरली. तिनं तुकडा आट्यावर ठेवला आणि दोन बोटांनी फिरवला. एक. दोन. तिसऱ्याला तिनं श्वास रोखला. तिसरा फिरला. चौथा, पाचवा, सहावा... वायसर जाऊन टेकलं, पान्याला हात न लावता. "बसलं वो ताई! बोटानं बसलं!" ती खड्ड्यातच हसत सुटली. पान्यानं शेवटचा पीळ लटारूभाऊनं दिला, अगदी हलका, संघप्रियाकडे पाहत.

शेजारची नळी परत जोडली, तेल भरलं. गाडीखाली पुठ्ठा अंथरला. अर्धा तास इंजिन चालू ठेवून रंजीतानं सगळे गिअर टाकले, पुढे-मागे केलं. पाइप तापला, पुठ्ठा कोरडाच राहिला. तिनं तिथूनच संघाच्या अध्यक्ष सत्यशीलाबाईंना फोन लावला.

"बाई, मूल गावाले न्याचे पोते बाहेर काढून ठेवा. उद्या मीटिंगच्या आधी नेऊन टाकते."

"कशात नेशीन वो?"

"आपल्या गाडीत!"

संघप्रियानं फोन ओढून घेतला. "बाई, मी घुग्घुसहून बोलून राह्यली. क्लचवाली पाहाले कोणाले पाठवू नका. उगाच टाइम खराब."

पलीकडे कुणीतरी बायकांमध्ये मोठ्यानं ओरडून सांगितलं, आणि फोनमधून एकदम हसण्याचा गलका आला.

रंजीतानं डावा पाय सीटवर दुमडून घेतला आणि गाडी दोन डंपरांच्या मधून धुळीत घातली. मागच्यानं हॉर्न मारला. तिनं त्याच्यापेक्षा लांब मारला.