सरांचं शिफारसपत्र

पंच्याण्णव साल असेल. मी नेरुळच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. वय चव्वेचाळीस, आणि पीएच.डी.साठी अर्ज करायचं मनात घेतलं होतं. माझ्या वर्गात जवळच्या शिरवणे गावातल्या मुली असायच्या. त्यांच्या आज्या मिठागरात राबलेल्या. मीठ ओढायच्या फळीला काय म्हणतात, ढिगाला काय, असे त्या आज्यांच्या तोंडचे शब्द मी सहा-सात वर्षं वहीत उतरवून घेत होते. तोच माझा विषय.

अर्जासोबत जुन्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र हवं होतं. एम.ए.ला शिकवणारे माझे सर निवृत्त होऊन मुलाकडे वाशीला राहायला आले होते. वीस वर्षांनी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी चष्मा सारखा करून पाहिलं.

"तू खिडकीपाशी बसायचीस. उत्तर पटलं नाही की गप्प व्हायचीस."

सरांचा हात आताशा थरथरायचा. "मी सांगतो, तू लिही," म्हणाले. स्वतःची स्तुती स्वतःच्या अक्षरात लिहायची म्हणजे मोठी पंचाईत. ते म्हणाले 'अत्यंत बुद्धिमान', मी 'अत्यंत' गाळलं. 'असामान्य चिकाटी'ची मी 'चांगली चिकाटी' केली.

"आता वाच."

वाचलं.

"'अत्यंत' कुठे गेलं?"

"सर, जास्त वाटेल ते."

"पत्र माझं आहे. कमी-जास्त मी बघीन. दुसरा कागद घे."

या वेळी शब्दाला शब्द उतरवला. त्यांना सही करायला बराच वेळ लागला. मी कागद घट्ट धरून बसले.

मुलाखतीत एकांनी विचारलं, "बाई, या वयात एवढी घाई कशाची?"

"मला शब्द सांगणाऱ्या बायका सत्तरीच्या पुढे आहेत सर," मी म्हटलं. "घाई त्यांच्यामुळे."

महिन्याभराने प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. आमचे हे पेढ्यांचा बॉक्स घेऊन सोसायटीभर फिरले. खाली वॉचमनकाका होते, साताऱ्याकडचे.

"कुणाचा निकाल, सायेब?"

"आमच्या मिसेसचा."

"म्याडम दहावीला बसल्या हुत्या व्हय?"

"त्याच्या जरा पुढचं आहे," हे म्हणाले आणि त्यांच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

मी वर गॅलरीत उभी होते. इतकी लाज वाटत होती आणि इतकं बरंही वाटत होतं, की खाली जायचा धीरच होईना.