तोंडी हुकमावरून बंद

वीज केंद्राच्या मॅनेजरने युनूसभाईंना फसवले, आणि तो सौदा मी जुळवून दिला. ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीच्या काट्यावर कोळशाच्या वजनावरून भांडत होतो. त्यांच्या पत्नी नफीसाभाभी बोलत होत्या. "भाऊ, जेवून उठले आन् बसल्या जागीच..." परवा त्यांचा चाळीसवा दिवस झाला.

माझे ट्रक त्या केंद्राला कोळसा नेतात. एका जुन्या ट्रकवर उभा राहिलेला माणूस मी, भावात कुणाला ऐकत नाही. युनूसभाई तिथल्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इंजिनिअर. चहा पिता पिता त्यांनीच मला समजावले, की इथली वीज कुठल्याही राज्यात विकली तरी देशभरची केंद्रे एकाच तालात फिरतात, आणि त्या तालाचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा, आकडा पन्नास. कुठे मागणी अचानक वाढली की आकडा उतरतो. मग प्रत्येक केंद्राने आपणहून थोडी जादा वीज द्यायची, आणि त्यासाठी थोडी ताकद कायम राखून ठेवायची. "राखलेला माल विकल्या जात नाही ना," मी म्हणालो. "म्हणूनच साहेब सगळाच विकून राह्यले, शेठ. तुमच्यावानीच हायेत ते," ते हसले. घरीही त्यांनी तो आकडा दाखवणारे छोटे मीटर भिंतीवर लावले होते. पाहुणा बोलत असला तरी नजर तिकडे.

एक दिवस मॅनेजरने तोंडी सांगितले, राखीव काही ठेवू नका, जादा वीज आपोआप देणारी यंत्रणा बंद करा. युनूसभाईंनी ऐकले, पण लॉगबुकात लिहिले : तोंडी हुकमावरून बंद. मग एका दुपारी आकडा घसरला, केंद्राने काहीच दिले नाही, आणि वरून जाब आला. यंत्रणा चुकून आपल्या हातून बंद राहिली असे युनूसने लिहून द्यावे, असे मॅनेजरचे म्हणणे. ते तयार नव्हते. मी मध्ये पडलो, तासभर घासाघीस केली आणि शब्द मिळवला : सही द्या, नोकरी राहील.

"काहून अडून बसता? निपटवा न," मी त्यांच्यावर खेकसलो.

"वहीत खरं लिहिलं हाये मी."

"वहीनं घर चालते का?"

त्यांनी सही केली... माझ्याकडे पाहिले नाही. दोन महिन्यांत त्याच कागदावर त्यांना काढून टाकले. टायरचा भावसुद्धा लिहून घेणारा मी, तो शब्द मात्र तोंडीच घेऊन आलो होतो. आता लॉगबुक मागितले तर सापडत नाही म्हणतात.

चाळीसव्याला घरी गेलो. त्यांची खुर्ची रिकामी, समोर मीटर चालूच, आकडा पन्नासच्या अलीकडे-पलीकडे. "बंद कराचं मन होत नाही," भाभी म्हणाल्या. मग हळूच विचारले, "भाऊ, चूक त्यायचीच होती का?"

नाही, म्हणालो. पण कागदावर सही त्यांचीच आहे, माझ्या बोलण्याला काय किंमत? मॅनेजरसाहेब, ती वही काढा. यंत्रणा कुणाच्या सांगण्यावरून बंद होती, ते त्या खुर्चीसमोर उभे राहून भाभींना सांगा. आणि या वेळी लिहून द्या.